चिंचोक्यांचा डाव

आमच्या घरात पत्त्यांचा कॅट कधीच नव्हता. लग्नाला 22 वर्षे झाली, तीन भाड्याची घरे आणि एक स्वतःचे घर झाले, पुस्तकांची कपाटे दोनाची सात झाली. पण दिवाळीत पाहुण्यांच्या मुलांनी पत्ते मागितले की आम्ही सापशिडी पुढे करत आलो. हा नियम कोणी मोठ्याने उच्चारलेला नव्हता. उच्चारण्याची गरजही नव्हती. आमच्यापैकी एकीचे वडील तालुक्याच्या गावी कारकून होते आणि कापडदुकानाच्या मागच्या खोलीत तीन पत्ती खेळत. कधी कधी तो अड्डा त्यांच्याच घरी भरे. आठ वर्षांची मुलगी वडिलांच्या पाठीशी बसून त्यांच्या हातातली पाने बघे, आणि बघितलेले चेहऱ्यावर दिसू द्यायचे नाही हे तिला बजावलेले असे. 1985 सालच्या दिवाळीनंतर तिच्या आईच्या हातातल्या चारही पाटल्या गेल्या. वडिलांनी मागितल्या आणि आईने दिल्या, एवढीच ती हकीकत.

पुढे ती मुलगी मराठीची प्राध्यापक झाली आणि लीळाचरित्र शिकवू लागली. त्यातली हरिपाळदेवांची कथा अभ्यासकांना ठाऊक आहेच. ज्यांना आपण पुढे चक्रधर म्हणून ओळखतो ते हरिपाळदेव द्यूतात हरतात, देणे फेडण्यासाठी पत्नीकडे, कमळाइसेकडे, अलंकार मागतात, आणि ती देत नाही. देणे वडील चुकते करतात. पण त्या नकाराने काहीतरी तुटते आणि पुढे रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते घर सोडतात. वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारतेच की, तिने दागिने दिले असते तर? या प्रश्नाला आमच्यापैकी एकाने महानुभाव तत्त्वज्ञानाच्या अंगाने सविस्तर उत्तर तयार ठेवले आहे. दुसरी मात्र हे पान नेहमी जरा घाईने उलटते.

एवढी पार्श्वभूमी सांगितली ती अशासाठी, की 2025 च्या जानेवारीत आमच्या चिरंजीवांनी पुण्याहून फोन करून मेसचे आणि वसतिगृहाचे मिळून 38,000 रुपये भरायचे राहिले आहेत असे सांगितले, तेव्हा घरात नेमकी कसली शांतता पसरली असेल याची वाचकांना कल्पना यावी. पैसे आम्ही वेळेवर पाठवले होते. ते पाच महिन्यांत मोबाइलवर पोकर खेळण्यात गेले होते. जे बोलायचे ते आम्ही बोललो, आणि त्यात द्यूतपर्वापासून आजोबांपर्यंत सगळे आले. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "बाबा, तुम्ही मला वाट्टेल ते बोला. पण तुम्ही ज्याला जुगार म्हणताय तो खेळ तुम्हाला माहीत तरी आहे का?"

माहीत नव्हता. न वाचलेल्या पुस्तकावर मत देऊ नये असे वर्गात सांगण्यात आमची हयात गेली. तेव्हा मेच्या सुट्टीत तो घरी आला तेव्हा आम्हीच म्हटले, शिकव. अटी दोन. पैसे नाहीत, आणि मोबाइल नाही. त्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून कॅट आणला. आम्ही फडताळातल्या डब्यातून चिंचोके काढले. प्रत्येकी 200 चिंचोके, म्हणजे टेबलावर एकूण 600.

शिकण्याची सुरुवातच भांडणाने झाली. पोकरमध्ये पाच पानांचा हात जमवायचा असतो आणि हातांची एक उतरंड ठरलेली असते. सर्वांत खाली नुसते मोठे पान, मग जोडी, दोन जोड्या, तीन सारखी पाने, मग ओळीने लागणारी पाच पाने, मग एकाच रंगाची पाच पाने, आणि असे वर. ओळ खाली आणि रंग वर, हे ऐकल्याबरोबर आमच्यापैकी एकीने 40 वर्षांनी तोंड उघडले. "चूक. सिक्वेन्स रंगाच्या वर असते." तीन पत्तीत ती वरच असते, पाठीमागे बसून बघितलेले ती विसरली नव्हती. चिरंजीवांनी वाद न घालता कागद-पेन्सिल घेतली. तीन पानांचे एकूण 22,100 हात होतात. त्यांत साध्या ओळीचे 720 आणि रंगाचे 1,096. ओळ दुर्मीळ, म्हणून ती वर. पाच पानांचे हात होतात 25,98,960; त्यांत ओळीचे 10,200 आणि रंगाचे केवळ 5,108. प्रत्येक वाढत्या पानाबरोबर रंग जमणे अधिक अवघड होत जाते आणि पाच पानांपर्यंत पोहोचता पोहोचता दोघांची जागा उलटते. तीन पत्ती खेळणारी माणसे आणि पोकर खेळणारी माणसे आपापल्या जागी बरोबर असतात. फक्त एक जागा सोडून. तीन पत्तीत सर्वांत वरचा मान तीन सारख्या पानांना आहे, आणि तसे हात 52 आहेत. त्याखालच्या एकाच रंगातल्या ओळीचे 48. म्हणजे हिशेबाने एकाच रंगातली ओळ वर असायला हवी होती. "तुझ्या आजोबांना हे ठाऊक असणं शक्य नाही," असे आमच्यातली एक म्हणाली, आणि इतक्या वर्षांत तिने वडिलांविषयी राग सोडून काढलेला तो पहिला उद्गार होता.

खेळाची रीत तशी सोपी आहे. प्रत्येकाला दोन पाने मिळतात, ती फक्त त्याने बघायची. मग बोली. मग टेबलावर तीन पाने उघडी मांडतात, त्याला फ्लॉप म्हणतात, पुन्हा बोली. चौथे पान, बोली. पाचवे, शेवटची बोली. टेबलावरची पाच सर्वांची सामाईक, हातातली दोन आपली, आणि या सातांतून उत्तम पाच निवडायची. वाटप कोणाच्या नावाने हे दाखवायला एक खूण फिरती ठेवावी लागते. आम्ही सुपारी ठेवली. सुपारीला गणपती मानण्याची सवय असलेल्या घरात तिला असे गोल गोल फिरवणे एकाला जरा जड गेले, पण चालले. सुपारीच्या डावीकडच्या दोघांनी पाने बघण्याआधीच अनुक्रमे एक आणि दोन चिंचोके घालायचे. हे नसते तर उत्तम पानांची वाट बघत सगळेच स्वस्थ बसले असते आणि खेळ सुरूच झाला नसता.

नियम अर्ध्या तासात आले. खेळ मात्र येईना. पहिल्या संध्याकाळी आम्हा दोघांचे मिळून 310 चिंचोके गेले, आणि त्याचे कारण चिरंजीवांनी फार सौम्यपणे सांगितले: तुम्ही दोघं पानं टाकतच नाही. खरे होते. हातात सत्ती आणि दुर्री आली, टेबलावर त्यांचे काही जमले नाही, तरी आम्ही शेवटच्या पानापर्यंत चिंचोके घालत राहायचो. हरू हे दिसत असायचे. पण समोरच्याकडे काय होते हे कळल्याशिवाय उठवत नसे. कादंबरी कितीही सुमार असली तरी शेवट वाचल्याशिवाय मिटायची नाही, या आमच्या व्यावसायिक सवयीने आम्हाला त्या संध्याकाळी पार धुऊन काढले. पोकरमध्ये शेवट वाचायचे पैसे पडतात. चांगला खेळाडू सुरुवातीला आलेली बहुतेक पाने न खेळताच टाकतो, हे आम्हाला मुळात खेळ म्हणवेना. तासन्‌तास बसायचे आणि 'नाही, नाही' म्हणत पाने परत द्यायची, यात कसली आली मजा?

मजा हिशेबात आहे असे त्याचे म्हणणे. एक डाव आम्ही जसाच्या तसा लिहून ठेवला आहे. हातात बदामाची दोन पाने, टेबलावरच्या चारांत बदामाची दोन. आणखी एक बदाम आले तर रंग पुरा होणार आणि डाव बहुधा आपला. न दिसलेली पाने 46, त्यांत बदाम 9. म्हणजे शक्यता साधारण पाचांत एक. मध्ये 60 चिंचोके पडलेले आणि पुढचे पान बघायचे तर 20 घालायचे. म्हणजे 80 च्या ढिगात आपला वाटा चौथ्या हिश्श्याचा, आणि तो ढीग मिळण्याची शक्यता पाचव्या हिश्श्याची. तोट्याचा व्यवहार. मध्ये 100 असते तर सहाव्या हिश्श्यात सौदा होता, तेव्हा खुशाल घालावे. आमच्यातल्या एकाने निःश्वास सोडून पाने टाकली. मग राहवेना म्हणून पुढचे पान उलटून बघितले, तर बदामाची राणी.

"बघितलंस!" आम्ही दोघेही एकदम म्हणालो.

"काय बघायचं त्यात?" तो म्हणाला. "तुम्ही टाकलंत ते बरोबर टाकलंत."

ते आम्हाला पटायला तीन दिवस लागले. फळ वाईट आले म्हणून निर्णय वाईट ठरत नाही आणि चांगले आले म्हणून चांगला ठरत नाही, हे तत्त्व म्हणून मान्य करायला काहीच लागत नाही. बदामाची राणी समोर पडलेली असताना मान्य करायला लागते. आणि खरी अडचण उलट्या बाजूची आहे. चुकीने 20 घातले असते आणि राणी आली असती, तर आम्ही स्वतःला हुशार समजलो असतो. 2003 साली अमेरिकेतल्या पोकरच्या जागतिक स्पर्धेत टेनेसीचा एक हिशेबनीस इंटरनेटवरच्या किरकोळ प्रवेशफेरीतून आला आणि 25 लाख डॉलर जिंकून गेला. त्याचे आडनाव मनीमेकर. (एखाद्या कादंबरीकाराने हे आडनाव योजले असते तर आम्ही परीक्षणात त्याची गय केली नसती.) त्यानंतर इंटरनेटवरच्या या खेळाला जो पूर आला, तो वळसे घेत आमच्या चिरंजीवांच्या वसतिगृहापर्यंत पोहोचला. ही गोष्ट त्याने डोळे चमकवत सांगितली. त्या स्पर्धेत 839 जण होते. उरलेल्या 838 जणांपैकी किती जणांची नावे तुला ठाऊक आहेत, असे आम्ही विचारले. तो हसला, पण बोलला नाही.

थापेबाजीचा धडा सर्वांत शेवटी. आमच्यापैकी एकाला ती अजिबात येत नाही. चौथ्या दिवशी चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्हाला चांगली पानं आली की तुम्ही चष्मा पुसता." तेव्हापासून तो चष्मा पुसायचा नाही हे ठरवून बसू लागला, आणि मग चष्म्याकडे नेमका जाऊन अर्ध्यात थांबणारा हात सगळे सांगू लागला. शूद्रकाच्या मृच्छकटिकातला संवाहक आठवावा. दहा सुवर्णांचे देणे करून तो पळतो, उलट्या पावलांनी रिकाम्या देवळात शिरतो आणि मूर्तीच्या जागी मूर्ती होऊन उभा राहतो. पाठलाग करणारे दोघे तिथे येतात, त्याला हलवून-डुलवून बघतात, आणि मग त्याच्यासमोरच फासे टाकायला बसतात. माणूस दगड होऊन उभा असतो. पण फाशांचा आवाज ऐकला की त्याच्याने राहवत नाही. एम.ए.ला आम्ही तो प्रवेश विनोदी म्हणून शिकलो होतो.

दुसरी मात्र या विद्येत भयंकर निघाली. हातात काहीच नसताना ती 40 चिंचोके शांतपणे पुढे सरकवी आणि चहाला दूध आहे ना, असे विचारी. आम्ही दोघे पाने टाकून देत असू. तिचे एक वैशिष्ट्य चिरंजीवांच्या लक्षात आले: ती थाप मारते ती अगदीच वाईट पाने असताना, मध्यम पाने असली की गप्प राहते. मूळ हंगेरीचा गणितज्ञ फॉन नॉयमन याने 1928 साली खेळांच्या गणितावर निबंध लिहिला आणि पुढे 1944 साली मॉर्गेनस्टर्न या अर्थशास्त्रज्ञाबरोबर मोठा ग्रंथ. त्यात पोकरचे साधे प्रारूप सोडवून त्याने हेच दाखवले आहे. मध्यम पानांना उघड तुलनेत जिंकण्याची थोडी आशा असते, तेव्हा ती थापेत घालवू नयेत. ज्यांना दुसरी कुठलीच आशा नाही त्यांनीच थाप मारावी. आणि काही थापा पकडल्या जाणे हा तोटा नव्हे. त्यांच्यामुळेच खऱ्या पानांना पैसे मिळतात. "आई, हे तुला कोणी शिकवलं?" त्याने विचारले.

तिने सांगितले. तांदळाच्या डब्यात आई पैसे पुरून ठेवायची. वडील विचारायचे, आणि उत्तर द्यायला मुलीला पुढे करायचे ठरलेले होते, कारण मुलीवर त्यांचा विश्वास होता. डब्यात थोडे पैसे असले तर ती काही बोलायची नाही, आईकडे बोट दाखवायची. फीचे सगळे पैसे डब्यात असले की मात्र सरळ डोळ्यांत बघून सांगायची, घरात एक रुपया नाही. हे 22 वर्षांत आमच्यापैकी एकाला ठाऊक नव्हते.

त्या रात्री खेळ झाला नाही. दुसऱ्या दिवशी चिरंजीवांनी आपण होऊन त्यांची वही काढली. वही त्याने ठेवली होती, हे आमच्या लेखी पुष्कळ होते. पहिले दोन महिने तो बरा खेळला होता. 2,400 रुपयांनी वरच होता. मग एका रात्री चांगली पाने असून हरला, आणि ते भरून काढायला पहाटे चारपर्यंत बसला. खेळणाऱ्यांच्या भाषेत याला टिल्ट म्हणतात. आम्हाला शब्द सुचला तो 'पिसाळणे'. पाने टाकायची कुठली हे तो आम्हाला शिकवू शकत होता. टेबलावरून उठायचे कधी हे त्यालाही येत नव्हते. खेळात कौशल्य आहे की नाही, हा कायद्याचा आवडता प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटले आणि त्याच निकालात तीन पानांच्या खेळाला केवळ नशिबाचा. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने कौशल्य-नशीब हा भेदच बाजूला ठेवून पैशांच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. आमच्यापैकी एकाला तो भेद पुसणे बौद्धिकदृष्ट्या गैर वाटते. दुसरीला त्या दिवशी नीट झोप लागली.

पण कौशल्याच्या या प्रश्नाहून आम्हाला जास्त शिकवले ते एका वाटीने. सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात आजी, म्हणजे पाटल्यांच्या त्या आजी, राहायला आल्या होत्या. वय 76. पत्ते बघून त्या काही बोलल्या नाहीत. जपमाळ घेऊन पलीकडच्या खुर्चीत बसल्या. त्या संध्याकाळी चिरंजीव म्हणाले, आज खऱ्यासारखं खेळू. त्याने एक स्टीलची वाटी मध्ये ठेवली आणि प्रत्येक डावाच्या ढिगातून जिंकणाऱ्याला देण्याआधी दोन चिंचोके वाटीत टाकू लागला. ते खेळ चालवणाऱ्याचे. आम्हाला दोन चिंचोक्यांचे काही वाटले नाही. तिघेही एव्हाना बरे खेळत होतो, कधी हा वर, कधी ती. रात्री साडेदहाला मोजले तेव्हा एकाकडे 148, एकीकडे 159 आणि चिरंजीवांकडे 153. सगळे हरले होते. वाटीत 140.

"प्रत्यक्षात एवढं घेत नाहीत," तो म्हणाला. "ढिगाच्या शेकडा पाच वगैरे. पण तिथे तासाला साठ-साठ डाव होतात, आणि मी तीन टेबलांवर बसायचो." शेकडा पाच ऐकून आम्ही एकमेकांकडे बघितले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्षाने जिंकलेल्या धनातून घ्यायचा वाटा हाच आहे. हे आम्ही सांगितले, आणि आता अर्थशास्त्र, स्मृती, सभिक असा आमचा आवडता रस्ता लागणार तोच आजींनी जपमाळ खाली ठेवली.

"ही वाटी कोणाची?"

"खेळ चालवतो त्याची, आजी."

"हां. नाल." त्या म्हणाल्या.

हा शब्द आम्हाला ठाऊक नव्हता. दोघांच्या मिळून 40 वर्षांच्या अध्यापनात भेटला नव्हता. आजींनी समजावले: मागच्या खोलीचा मालक स्वतः पत्त्याला हात लावत नसे. चहा सांगे, कंदील पुरवी, आणि दर डावाला जिंकणाऱ्याकडून नाल घेई. "आम्हाला वाटायचं हे कोणाकडून तरी हरतात. मी एकेकाच्या बायकोला विचारायची, तुमच्याकडे आलं का? ती म्हणायची, आमचंही गेलं. तेव्हा कळायचं नाही, सगळ्यांचंच कसं जातं."

त्यांनी वाटी जवळ ओढली आणि आम्ही मोजलेले चिंचोके पुन्हा एकेक करून मोजले. मग म्हणाल्या, "त्याचं दुमजली घर अजून आहे. बाजारपेठेत. खाली आता मेडिकलचं दुकान आहे."